सीडी नाही, तरी काँप्युटर तुमचाच आहे

मी जबलपूरच्या विजय नगरमधून बोलते आहे. कचनार सिटीतली ७६ फुटी शंकराची मूर्ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आमचा भाग लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते, बसनं जबलपूरला आलात तर आयएसबीटीवर उतरायचं, तिथून आमचं घर जवळ आहे.

मी काँप्युटरची जाणकार नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. आज जे सांगणार आहे ते मला गेल्या नोव्हेंबरात शिकावं लागलं, कारण दुसरा इलाज नव्हता. विषय असा की, काँप्युटर बंद पडला, विंडोज नव्यानं टाकायला हवं, आणि दुकानदार विचारतो, "ओरिजिनल डिस्क है क्या?" आपल्याकडे ती नसते. मग पुढं काय करायचं?

गोष्ट आमच्या आत्यांपासून सुरू होते. आत्या म्हणजे ह्यांची आत्या. वय एक्क्याऐंशी. नोकरी सगळी एका सरकारी कचेरीत हिंदी टंकलेखक म्हणून झाली, रेमिंग्टनच्या मशीनवर. आणि नोकरी सांभाळून त्या कीर्तन करतात. नारदीय कीर्तन, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं रीतसर. इथं मध्य प्रदेशात मराठी कीर्तन ऐकायला माणसं किती येणार? कधी चाळीस, कधी पंधरा. पण आत्यांनी कधी खाडा केला नाही. त्यांची तेवीस आख्यानं आहेत, स्वतः जुळवलेली. कुठं अभंग घ्यायचा, कुठं दृष्टान्त, कुठं थांबायचं, सगळं लिहून ठेवलेलं. त्या वह्यांना एका पावसाळ्यात वाळवी लागली. दोन वह्यांचा भुगा झाला. म्हणून २०१६ साली निवृत्तीच्या साठवलेल्या पैशातून त्यांनी लॅपटॉप घेतला आणि उरलेल्या वह्या टाइप करून काढल्या. तेवीस आख्यानं, तीन वर्षं.

आता ध्यानात घ्या, त्या लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नाही. दुकानातून आला तेव्हा खोक्यात चार्जर आणि एक पातळ पुस्तिका, बस. त्यामुळे "ओरिजिनल डिस्क" हरवली असं काही झालं नव्हतं. ती मुळात आलेलीच नव्हती.

२०१९ साली तो लॅपटॉप पहिल्यांदा अडला. आम्ही शहरातल्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलानं डिस्क मागितली. आम्ही म्हटलं, नाही. तो म्हणाला, "कोई बात नहीं, फॉर्मेट मार देते हैं. पाँच सौ लगेंगे." संध्याकाळी लॅपटॉप चालू होऊन परत आला. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी आत्यांनी आख्यानाची फाइल उघडली आणि मला हाक मारली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, नुसता काला. तेवीसच्या तेवीस फाइली तशाच. दुकानात नेलं तर तो मुलगा म्हणाला, "फाइल करप्ट हो गई."

आत्या काही बोलल्या नाहीत. लॅपटॉप मिटला आणि कपाटात ठेवला. त्या वर्षी दत्तजयंतीला त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या त्या नुसत्या आठवणीवर. उत्तररंगात एका ठिकाणी अडल्या, पेटीवाल्यानं सांभाळून घेतलं. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "वाळवी लागते ते दिसतं तरी गं."

चार महिने असे गेले. मग काही कामासाठी हायकोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात गेले होते, तेव्हा आत्यांच्या फाइलीतलं एक पान छापून सोबत नेलं. तिथल्या माणसानं एक नजर टाकली आणि हसला. "ये तो कृतिदेव है, मैडम. फॉन्ट नहीं है आपके यहाँ." त्यानं त्याच्या काँप्युटरवरून फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर दिली. घरी येऊन ती टाकली, आणि तेवीस आख्यानं जिथल्या तिथं उभी.

हे काय झालं होतं ते नीट समजून घेऊ, कारण मराठी टाइप करणाऱ्या हजारो घरांत हेच झालं असणार. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट काय करतात? फाइलीत ते मराठी अक्षर ठेवतच नाहीत. ठेवतात इंग्रजी अक्षर, आणि वर मराठी अक्षराचा मुखवटा चढवतात. कृतिदेवमध्ये "कमल" लिहिलं की फाइलीत खरं तर डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट जागेवर असला की "कमल" दिसतं. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. फाइल मुळीच बिघडलेली नसते. आणि हा फॉन्ट विंडोजबरोबर येत नाही, कोणीतरी वेगळा टाकलेला असतो. तो राहतो सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या पोटातल्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये. आत्यांची आख्यानं डी ड्राइव्हवर होती, ती वाचली. सी पुसलं, फॉन्ट गेला. पाचशे रुपये घेणाऱ्यालाही हे माहीत नव्हतं, आणि आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाही माहीत नव्हतं.

आता येते गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळी झाली, आत्यांनी दत्तजयंतीची तयारी काढली. दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. १३ नोव्हेंबरला लॅपटॉप पुन्हा अडला. सुरू करायचा, तो "दुरुस्तीची तयारी" म्हणायचा, गोल फिरायचं, बंद पडायचा, पुन्हा तेच. मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, नऊ वर्षं जुना आहे, नवा घ्या." नवा घेता आला असता. पण जुन्यातलं बाहेर कसं काढायचं, हा प्रश्न तसाच राहिला असता. त्याच जुन्या दुकानात नेला. मुलगा दुसरा होता, प्रश्न तोच. "ओरिजिनल डिस्क है?" मी लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

इथून पुढं मी जे शिकले ते क्रमानं सांगते.

पहिली गोष्ट, डिस्क आणि परवाना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपण घर बांधतो तेव्हा गवंड्याची थापी, ओळंबा हे सामान वेगळं, आणि जागेची रजिस्ट्री वेगळी. गवंडी थापी घेऊन गेला म्हणून घर आपलं राहत नाही का? महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, आमच्याकडे खसरा म्हणतात, कागद तो महत्त्वाचा. डिस्क म्हणजे थापी. ती कुठूनही आणता येते. परवाना म्हणजे खसरा, आणि प्रश्न असतो तो कुठं ठेवलाय याचा.

विंडोज एक्सपी आणि सेव्हनच्या काळात तो लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर असायचा. पंचवीस अक्षरं, पाच-पाचचे गट. कागद घासून गेला की संपलं. २०१२ साली विंडोज एट आलं आणि ही पद्धत बदलली. कंपनीचा लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल तर ती पंचवीस अक्षरं मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहून येतात. हार्ड डिस्क पुसा, बदला, जाळून टाका, ती अक्षरं जात नाहीत. २०१५ साली विंडोज टेन आलं तेव्हा त्यात आणखी एक सोय झाली, ती डिजिटल परवान्याची. एकदा त्या यंत्रावर विंडोज रीतसर सुरू झालं की मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत ते यंत्र ओळखलं जातं. पुन्हा तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप मान्य होतं. मदरबोर्ड बदलला तर मात्र ही ओळख तुटू शकते.

हे वाचल्यावर मला आठवलं, २०१९पासून आत्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात अधूनमधून "विंडोज सक्रिय करा" असं पुसट अक्षरांत यायचं. दुकानदारानं एकदा येऊन काहीतरी केलं, ते गेलं, आणि त्याबरोबर अँटीव्हायरसही बंद झाला. काय झालं होतं ते आता उलगडलं. भारतात घरगुती लॅपटॉप पुष्कळदा विंडोज होम सिंगल लँग्वेज या आवृत्तीसह येतात. आमचाही तसाच होता, खोक्यावर छापलेलं होतं. दुकानदार सगळ्यांनाच टाकतो ती प्रो आवृत्ती त्यानं टाकली. होमचा परवाना प्रोला चालत नाही. मग त्यानं चोरीचं कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर चालवलं. म्हणजे जी वस्तू आत्यांनी पैसे मोजून घेतली होती आणि जिचा परवाना त्याच लॅपटॉपच्या पोटात होता, तीच वस्तू आम्ही पाचशे रुपये देऊन चोरीची करून घेतली. बंद पडण्याचं कारण ते सॉफ्टवेअर होतं का, हे मी ठामपणे सांगणार नाही. पण सहा वर्षं पहारेकरी झोपवून ठेवला होता एवढं खरं.

त्या मुलाला मी फार दोष देत नाही. गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत चालू यंत्र हवं असतं. कुठली आवृत्ती होती, परवाना कुठला, फॉन्ट कुठले, असं विचारणारं गिऱ्हाईक त्याला भेटत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, आणि आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. आधी सामान बाहेर काढा, मग घर पाडा.

विंडोज सुरू होत नसलं तरी फाइली जागेवर असतात. त्या काढायला मी लिनक्स वापरलं. लिनक्स मिंट मोफत मिळतं, तीनेक जीबीची एक फाइल असते. शेजारच्या घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपवर ती उतरवली आणि रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामनं पेनड्राइव्हवर चढवली. पेनड्राइव्ह मी जयंती कॉम्प्लेक्समधून आणले, दोन. पेनड्राइव्हवर आधी काही असेल तर ते पुसलं जातं, म्हणून कोराच घ्या.

मग लॅपटॉपला सांगावं लागतं की हार्ड डिस्कवरून नको, पेनड्राइव्हवरून सुरू हो. त्यासाठी सुरू होताना एक बटण सारखं दाबत राहायचं. डेल आणि लेनोव्होला सहसा एफ १२, एचपीला एफ ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ १२, पण ते आधी सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. पहिल्या दोन वेळा माझं बटण उशिरा दाबलं गेलं. तिसऱ्यांदा यादी आली. पेनड्राइव्ह निवडला, आणि दोन मिनिटांत हिरवट रंगाचा मिंटचा पडदा उघडला. इथं काहीही "इन्स्टॉल" करायचं नाही. नुसतं चालू ठेवायचं, आणि हार्ड डिस्क उघडून आपलं सामान दुसऱ्या डिस्कवर उचलायचं.

मी आत्यांना शेजारी बसवलं होतं. डी ड्राइव्ह उघडला, "आख्यान" नावाचा फोल्डर दिसला. आत्या म्हणाल्या, "मोज." मी मोजल्या. तेवीस. त्या उठून देवापाशी गेल्या आणि मी कॉपी करत बसले.

काय काय उचलायचं याची यादी करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो हे सगळ्यांना सुचतं. न सुचणाऱ्या गोष्टी सांगते. एक, विंडोजमधलं फॉन्ट्सचं सबंध फोल्डर. दोन, ब्राउझरमधल्या खुणा आणि जपलेले पासवर्ड. ते यंत्र चालू असतानाच वेगळे काढावे लागतात, म्हणून आजच काढा. तीन, टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्राम असेल तर त्याची माहिती नेमकी कुठं साठते ते बघून ठेवा, ती बरेचदा डॉक्युमेंट्समध्ये नसते.

इथं एक इशारा आहे. नव्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः विंडोज इलेव्हनच्या, डिस्क कुलूपबंद असू शकते. बिटलॉकर म्हणतात त्याला. मग लिनक्समधून काही दिसत नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतात. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. कुठल्या खात्यात, ते तुम्हाला आठवायला हवं. लॅपटॉप घेताना दुकानदारानंच कुठलंसं ईमेल टाकून खातं उघडून दिलं असेल, तर आज घरी जाऊन ते शोधा. आमचा लॅपटॉप जुना, त्याला कुलूप नव्हतं. आम्ही वाचलो ते नशिबानं, शहाणपणानं नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे विंडोज परत आणायचे मार्ग. ते तीन आहेत.

पहिला, यंत्र थोडंफार सुरू होत असेल तर विंडोजमध्येच "हा पीसी रीसेट करा" अशी सोय असते. त्यात "माझ्या फाइली ठेवा" असा पर्याय आहे. फाइली राहतात, पण टाकलेले प्रोग्राम जातात. २०२०पासून यात इंटरनेटवरून ताजं विंडोज उतरवून घेण्याचाही पर्याय आला, त्याला चारेक जीबी डेटा लागतो.

दुसरा मार्ग कंपनीनं दिलेला. लॅपटॉप येतो तेव्हा त्याच्या डिस्कवर एक लपवलेला कप्पा असतो, त्यात मूळ विंडोज ठेवलेलं असतं. एचपीला सुरू होताना एफ ११, आसुसला एफ ९ दाबलं की तो उघडतो. ही खरी "ओरिजिनल डिस्क". पण फॉर्मेट मारणारे जागा मोकळी करायला तो कप्पाही पुसून टाकतात. आमचा २०१९लाच गेला होता. शिवाय या मार्गानं यंत्र दुकानातून आलं तसं कोरं होतं, हे विसरू नका.

तिसरा मार्ग सगळ्यांना खुला आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मीडिया क्रिएशन टूल नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. दुसऱ्या चालू यंत्रावर तो चालवायचा, कमीत कमी आठ जीबीचा पेनड्राइव्ह लावायचा, आणि तो तुमची "डिस्क" बनवून देतो. यात चोरी काहीच नाही. थापी फुकट आहे, खसरा तुमच्याकडे आहे. मात्र ती त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधताना वर येणाऱ्या भलत्या पानांवरून, किंवा "सगळं आधीच चालू करून दिलेलं विंडोज" देणाऱ्यांकडून कधीही घेऊ नका.

मी दुसऱ्या पेनड्राइव्हवर हे केलं. पेनड्राइव्हवरून सुरू केलं, भाषा निवडली. काही यंत्रांत पंचवीस अक्षरं मागतात, तिथं "माझ्याकडे किल्ली नाही" असं खाली लिहिलेलं असतं ते दाबायचं, आणि जी आवृत्ती मूळ होती तीच निवडायची. आमच्याकडे विचारलंच नाही. चिपमधली अक्षरं त्यानं स्वतः वाचली आणि होम सिंगल लँग्वेज पकडली. नऊ वर्षं ती अक्षरं तिथंच बसून होती.

मग तो पडदा येतो, जिथं माझे हात थांबले. "विंडोज कुठं टाकायचं?" तिथं सी, डी अशी नावं नसतात. नुसते कप्पे, क्रमांक आणि आकार असतात. आमच्या यादीत चार ओळी होत्या. त्यातल्या एका ओळीत आत्यांची तेवीस आख्यानं. नक्कल काढलेली होती, तरी बोट पुढं जाईना. शाळेत मुलांना सांगायचे, खात्री नसेल तर उत्तर लिहू नका, गणित पुन्हा मांडा. मी यंत्र बंद केलं. पुन्हा मिंट चालू केलं, कुठला कप्पा किती जीबीचा ते कागदावर लिहिलं, आणि मग परत आले. सी दोनशे जीबीच्या आसपास होता, डी सातशेच्या वर. जुन्या विंडोजचे कप्पे पुसले, डीला हात लावला नाही, मोकळ्या झालेल्या जागेवर बोट ठेवून पुढं गेले.

पुसायचंच नसेल तर तेही करता येतं. जुन्या सीवरच, फॉर्मेट न करता, विंडोज टाकलं तर जुनं सगळं "विंडोज.ओल्ड" नावाच्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवलं जातं. त्यात जुन्या फाइली असतात आणि जुने फॉन्टही असतात. पण ते फोल्डर साधारण दहा दिवसांनी आपोआप साफ होतं, तेव्हा काढायचं ते लगेच काढा. मी हा मार्ग घेतला नाही, कारण ते कुलूपतोडं सॉफ्टवेअर मला घरात नको होतं.

काही नव्या लॅपटॉपवर या पडद्यावर डिस्कच दिसत नाही. घाबरू नका, डिस्क गेलेली नसते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच यंत्रांत डिस्क दिसायला एक वेगळा ड्रायव्हर लागतो. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो, पेनड्राइव्हवर घेऊन तिथं दाखवावा लागतो.

अर्ध्या-पाऊण तासात नवं विंडोज उभं राहिलं. वायफाय जोडलं. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं, "डिजिटल परवान्यासह सक्रिय." खर्च झाला दोन पेनड्राइव्हचा. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि चहा टाकायला गेले. आमच्या घरात ही मोठी शाबासकी आहे.

पण एक गोष्ट लपवणार नाही. विंडोज टेनची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आहे. म्हणजे मी महिना उलटून गेलेली वस्तू टाकली होती. इलेव्हन या यंत्रावर चालत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षेची मुदतवाढ दिली आहे. मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंग त्यांच्याकडे जपायला ठेवल्या तर तिला पैसे पडत नाहीत. तेवढी मी घेतली. त्यापुढं हा लॅपटॉप लिनक्सवर जाईल. तिथं परवान्याचा प्रश्न नाही, डिस्कचा नाही, आणि कृतिदेवची फॉन्ट-फाइल तिथंही चालते. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं बॉस नावाचं भारतीय लिनक्सही काढलेलं आहे. दत्तजयंती तीन आठवड्यांवर असताना एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला नवा पडदा शिकवायचा नाही, एवढाच माझा विचार होता.

आता शेवटचं. फॉन्ट परत टाकला, आख्यानं दिसली. पण मुखवट्यावरचं हे जगणं किती दिवस? उपाय युनिकोडचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. त्यात "क" हा "क" म्हणूनच साठतो, फॉन्ट कुठलाही असो. मोबाइलवर तुम्ही जे मराठी टाइप करता ते युनिकोडच. कृतिदेवमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे फुकट प्रोग्राम आहेत. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका मात्र. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर येते आणि रफार आधी. ही उलटापालट करताना प्रोग्राम जोडाक्षरांवर ठेचकाळतो. "दुसऱ्या"मधला अर्धा र आत्यांना त्या फॉन्टमध्ये कधी सापडलाच नव्हता, तिथं त्यांनी रफार देऊन भागवलं होतं. म्हणून आम्ही रोज संध्याकाळी बसतो. मी वाचते, आत्या ऐकतात आणि चुकीच्या जागी हात वर करतात. त्यांना पाठ आहे ना. आतापर्यंत नऊ आख्यानं शुद्ध झाली आहेत.

मला भीती होती ती त्यांच्या बोटांची. साठ वर्षं रेमिंग्टनवर बसलेली बोटं नवा कळफलक कशी शिकणार? तर युनिकोडमध्येही रेमिंग्टन गेल नावाचा कळफलक आहे. आमच्या राज्यात सरकारी नोकरीच्या टायपिंग परीक्षेत तो चालतो. बोटं त्याच जागी, अक्षरं मात्र खरी. आत्यांनी पहिली ओळ टाइप केली आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?" मी काय सांगणार, मला कुठं माहीत होतं.

४ डिसेंबरला कीर्तन झालं. मोठ्या अक्षरात छापलेली पानं समोर होती. थंडी होती, तीसेक माणसं होती. आत्यांनी पानांकडे तीन-चारदाच पाहिलं असेल. मी मागं बसून मोजत होते.

तर मंडळी, हा व्हिडिओ संपला की तुमचं यंत्र चालू आहे तोवर चार कामं करा. सेटिंगमध्ये जाऊन तुमचं विंडोज कुठल्या आवृत्तीचं आणि सक्रिय आहे का, ते कागदावर लिहा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली वहीत उतरवून ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. एक पेनड्राइव्ह आजच बनवून ठेवा, यंत्र पडल्यावर दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जुन्या फॉन्टमध्ये काही टाइप केलं असेल, तर तो फॉन्ट त्या फाइलींच्या शेजारीच ठेवा, दोन ठिकाणी.

आणि कोणी विचारलं, "ओरिजिनल डिस्क है क्या?", तर सांगा, डिस्कची गरज नाही, परवाना यंत्रातच आहे. पण त्याआधी सांगा, पुसू नका, मी आधी माझं सामान काढते.